महाबलासुराला नेमकं काय हवं होतं?

हायपोथेसिस कसं मांडायचं आणि कसं तपासायचं, हा प्रश्न सिनॉप्सिस लिहिताना प्रत्येकाला पडतो. आज त्यासाठी प्रयोगशाळेतलं उदाहरण नको. एका गेममधला खलनायक घेऊ आणि त्याच्या मनात काय होतं, याचा तर्क करून बघू.

गेम आहे ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने तो २०२० मध्ये आणला. राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी. असुर तिच्या भावाला, गोलूला, पळवून नेतात. देवांनी दिलेली शस्त्रं घेऊन ती त्याच्या शोधात निघते. असुरांचा म्होरक्या महाबलासुर. त्याचा हेतू आपल्याला सांगितला जातो तो असा: पूर्वीच्या युद्धात असुर देवांकडून हरले, म्हणून आता सूड.

इथेच थांबा आणि विचारा, हे कारण पुरतं का? सूड उगवायचाय देवांवर, मग पळवायची ती माणसांची मुलं का? हल्ल्याचं कारण सुडातून कळतं, मुलांच्या निवडीचं कळत नाही. चांगलं संशोधन अशाच उरलेल्या भागातून सुरू होतं.

आता एक मोहक तर्क. महाबलासुर म्हणजे आपला बळीराजाच असेल का? देवांनी अन्यायाने हरवलेला, हक्काचं राज्य परत मागणारा? ऐकायला छान वाटतं. पण तपासा. पुरावा काय, तर नावातलं साम्य. तेही कच्चं आहे, कारण ‘महाबल’ म्हणजे मोठं बळ असलेला, आणि राजाचं नाव आहे ‘बलि’. दोन शब्द वेगळे. शिवाय बळीची ओळख दान देणारा अशी. मुलं पळवणं त्यात कुठे बसतं? हा तर्क मनाला पटतो, पण पुराव्यापुढे टिकत नाही. तो सोडायचा.

मग खलनायकाची बाजू शोधणंच चूक का? अजिबात नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’त बळीची कथा उलट बाजूने वाचली. पण त्यांनी नुसती सहानुभूती दाखवली नाही. ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ हे घराघरातलं बोलणं त्यांनी साक्षीला आणलं. म्हणजे पुरावा कथेच्या बाहेरचा.

आपल्या धाराशिव जिल्ह्यातलंच बघा. तुळजापूरच्या कथेत कुकुर नावाचा दैत्य तपाला बसलेल्या अनुभूतीला त्रास देतो, रेड्याचं रूप घेतो आणि देवी त्याचा वध करते. कुकुराचा हेतू आपल्याला कळतो तो देवीच्या माहात्म्यातूनच. पण रेड्याच्या रूपातला देव महाराष्ट्रात शिवाराशिवारात म्हसोबा म्हणून पुजलाही जातो. गणितज्ञ दामोदर कोसंबी यांनी ‘मिथ अँड रिॲलिटी’ (१९६२) मध्ये हे लक्षात आणून दिलं, की देवी कुठे म्हसोबाला मारते, तर कुठे तिचं त्याच्याशी लग्नही लागतं. हे त्यांना पोथीतून नाही, गावोगाव पायी हिंडून दिसलं.

‘राजी’त असा दुसरा साक्षीदार मला सापडला नाही. निवेदन दुर्गा आणि विष्णू करतात. भिंतींवरची चित्रं देवांच्याच कथा सांगतात. आपल्या भाषेत बोलायचं, तर सगळं सॅम्पल एकाच गटातून घेतलंय. त्यावरून ‘महाबलासुर दुष्टच’ हे सिद्ध होत नाही, आणि ‘तो बिचारा’ हेही नाही.

माझं मत विचाराल तर गेम दिसायला देखणा आहे, पण खलनायक अर्धवट राहिलाय. लढायला शत्रू मिळतो, समजून घ्यायला माणूस मिळत नाही. एखाद्या भग्न वाड्यात असुरांनी कोरलेलं एक चित्र असतं, तरी शेवटची लढाई जड गेली असती.

तुम्ही काय करायचं? तुमच्या विषयातलं आवडतं गृहीतक घ्या आणि खाली दोन ओळी लिहा. काय सापडलं, तर मी हे सोडून देईन? आणि माझी सगळी माहिती एकाच बाजूने तर आलेली नाही ना? पहिल्या ओळीचं उत्तर सुचत नसेल, तर ते अजून गृहीतक झालेलं नाही. ती फक्त आवड आहे.