मंडळीच्या पलीकडे : मठ, सदन आणि दरबार

भारतीय भाषांतील ख्रिस्ती साहित्याचा विचार आपल्याकडे बहुधा ‘देशीकरण’ या संकल्पनेच्या आधारे केला जातो. परका धर्म, देशी भाषा आणि या दोहोंना सांधणारा कवी अशी त्या विचाराची साधारण चौकट असते. ही चौकट उपयुक्त असली तरी एक महत्त्वाचा प्रश्न तिच्या बाहेर राहतो. धर्मांतर ज्यांनी विचारपूर्वक केले, त्यासाठी जातगोत आणि आप्तस्वकीय यांचा दुरावा ज्यांनी पत्करला, त्यांपैकी काहींना पुढे चर्चचे रूढ जीवनच अपुरे का वाटले? ख्रिस्ताला न सोडता ते चर्चच्या पलीकडे कोणत्या ठिकाणाच्या शोधात निघाले? हा प्रश्न केवळ धर्मेतिहासाचा नाही. शोधलेल्या ठिकाणाला त्यांनी जे नाव दिले, त्या नावात त्यांची कल्पनासृष्टी प्रकट होते, आणि म्हणून तो साहित्याभ्यासाचाही प्रश्न आहे.

प्रस्तुत लेखात तीन व्यक्तींचा एकत्र विचार केला आहे : पंडिता रमाबाई (१८५८–१९२२), ब्रह्मबांधव उपाध्याय (१८६१–१९०७) आणि नारायण वामन टिळक (१८६१–१९१९). तिघेही ब्राह्मण कुळांतले, तिघांचीही मुळे संस्कृत विद्येत. रमाबाईंनी ‘सदन’ उभारले, ब्रह्मबांधवांनी ‘मठ’ कल्पिला, टिळकांनी ‘दरबार’ भरवला. मराठी प्रॉटेस्टंट परिभाषेत चर्चसाठी रूढ झालेला शब्द ‘मंडळी’ हा आहे. मंडळीहून निराळे असे तीन शब्द या तिघांना का लागले, हे पाहिले म्हणजे त्यांच्या असमाधानाचे स्वरूप उलगडते.

ब्रह्मबांधवांचे उदाहरण सर्वांत टोकाचे आहे. मूळचे भवानीचरण बंद्योपाध्याय १८९१ मध्ये प्रथम अँग्लिकन आणि त्याच वर्षी कॅथलिक झाले. पुढे त्यांनी भगवी वस्त्रे धारण केली. १८९८ मध्ये ‘वन्दे सच्चिदानन्दम्’ हे संस्कृत स्तोत्र रचून ख्रिस्ती त्रैक्याला वेदान्ताच्या परिभाषेत बसवले. समाजधर्माने आपण हिंदू आणि साधनधर्माने ख्रिस्ती, अशी त्यांची भूमिका होती. नर्मदातीरी जबलपूरला कॅथलिक संन्याशांचा मठ उभारण्याचा त्यांचा १८९९ मधील प्रयत्न चर्चच्या वरिष्ठांच्या विरोधामुळे टिकला नाही. मठ या शब्दात त्याग, अध्ययन आणि अधिकारपरंपरा अंतर्भूत आहेत. चर्चची अधिकारव्यवस्था ब्रह्मबांधवांना मुळात अमान्य नव्हती. तिचे युरोपीय रूप त्यांना नको होते. परंतु समाजधर्म आणि साधनधर्म अशी विभागणी केली की वर्णव्यवस्था समाजधर्माच्या खात्यावर सुखरूप राहते. त्यांनी वर्णाश्रमाचे समर्थन केले ही त्यामुळे त्यांच्या विचारातील विसंगती नव्हे, ती त्याचीच निष्पत्ती आहे.

रमाबाईंचा मार्ग याच्या उलट दिशेचा. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मात्र अँग्लिकन मतप्रणाली जशीच्या तशी स्वीकारण्यास त्या तयार नव्हत्या. १९७७ मध्ये अ. भि. शहा यांनी संपादित केलेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात हा झगडा तपशिलाने दिसतो. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरेच का असावीत, संस्कृत का नकोत, असा प्रश्न त्या विचारतात. वरवर पाहता ही मागणीही देशीकरणाचीच वाटते. पण पुढच्या आयुष्यात रमाबाई संस्कृतकडे वळल्या नाहीत. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे भाषांतर केले ते सामान्य स्त्रीला कळेल अशा साध्या मराठीत. १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या शारदा सदनापासून केडगावच्या मुक्ती सदनापर्यंत त्यांनी ‘सदन’ हाच शब्द धरून ठेवला. सदनात प्रवेशासाठी मतपत्रिकेवर सही लागत नाही. आसरा नसणे पुरेसे असते. १९०५ मध्ये केडगावला प्रार्थनेतून जे आध्यात्मिक जागरण झाले, त्याच्या केंद्रस्थानी पाळक किंवा धर्मशास्त्री नव्हते. आश्रयाला आलेल्या मुली आणि विधवा होत्या.

टिळकांचा दरबार या दोहोंच्या मध्ये उभा आहे. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर अहमदनगर परिसरात अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी दीर्घकाळ काम केले. १९१७ मध्ये मिशनची वेतनी सेवा सोडून साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य त्यात एकत्र यावेत ही त्यामागील मूळ कल्पना. आणखी एक नवा पंथ काढण्याचा हा खटाटोप नव्हता. मिशनच्या पगारी व्यवस्थेत विश्वासाची ऊब आटते आणि हिंदू समाजातील ख्रिस्तप्रेमी माणसाला उंबरठ्यावरच अडवले जाते, हे त्यांचे दुखणे होते.

मंडळी आणि दरबार या शब्दांतील फरक येथे निर्णायक ठरतो. मंडळीचा माणूस सभासद असतो. त्याचे नाव नोंदवहीत असते. दरबारात हजेरी लावायची असते. गाऱ्हाणे घेऊन कोणीही यावे आणि धन्यापुढे उभे राहावे. मराठी भक्तिपरंपरेला देवाशी असा व्यवहार अपरिचित नाही. अभंगात भक्त देवाशी भांडतो, त्याला जाब विचारतो, त्याच्या दारी धरणे धरतो. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे टिळकांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. ते सामान्यतः धर्मांतराच्या संदर्भात सांगितले जातात. माझ्या मते ते १९१७ च्या निर्णयालाही तितकेच लागू पडतात. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त हा गुरू आहे, माउली आहे. माउलीकडे जाण्यासाठी मध्यस्थ लागत नाही, हे अभंग या रचनाप्रकारातच गृहीत आहे. हा प्रकार मनापासून स्वीकारणाऱ्या कवीला कधीतरी नोंदवहीची अडचण होणारच होती.

फादर स्टीफन्स यांच्या १६१६ च्या ‘ख्रिस्तपुराणा’शी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. तेथेही मराठी ओवी आहे, पुराणाचा घाट आहे आणि भाषेवरील प्रेम उत्कट आहे. परंतु पुराणाला वक्ता आणि श्रोता लागतात. वक्ता पाद्री असतो आणि श्रोते नवदीक्षित असतात. ओवी तेथे चर्चच्या आत, शिकवणीसाठी येते. टिळकांनीही ‘ख्रिस्तायन’ ओवीतच आरंभिले. पण ते त्यांच्या हातून अपुरेच राहिले आणि पुढे लक्ष्मीबाईंनी पुरे केले. त्यांच्या कवित्वाचा खरा ओघ पदांत आणि अभंगांत वाहिला. देशी छंद वापरला एवढ्याने दोन्ही लेखकांना ‘देशीकरण’ या एका सदरात टाकणे म्हणजे ओवी आणि अभंग यांच्यातील सामाजिक अंतर पुसून टाकणे होय.

येथपर्यंतच्या विवेचनातून दरबाराची कल्पना श्रेष्ठ आणि मंडळी संकुचित, असा निष्कर्ष निघू शकेल. तो घाईचा ठरेल. अमेरिकन मराठी मिशनच्या नगरकडील मंडळ्यांत बहुसंख्य माणसे महार आणि मांग समाजांतून आलेली होती. त्यांच्या दृष्टीने नोंदवहीतील नाव ही निर्जीव औपचारिकता नव्हती. गावाच्या कोणत्याही मानाच्या यादीत ज्यांना स्थान नव्हते, त्यांच्या हाती मंडळीने शाळा, अक्षर आणि सर्वांच्या बरोबरीने बसण्याची जागा दिली होती. ज्याच्यापाशी संस्कृत विद्या आहे, कवी म्हणून कीर्ती आहे, त्याला संस्थेच्या पलीकडे जाता येते. ज्याला संस्थेनेच प्रथम माणूस म्हणून मोजले, त्याच्यासाठी ‘पलीकडे’ या शब्दाचा अर्थ निराळा असतो. अभंगपरंपरेलाही हे दुखणे ठाऊक आहे : चोखोबांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारापाशी, मंदिराबाहेर आहे, आणि त्या मंदिराचे दार अस्पृश्य मानलेल्यांसाठी उघडण्यास १९४७ साल उजाडावे लागले. अभंगाला मध्यस्थ लागत नसला, तरी अभंग गाणाऱ्या समाजाला उंबरठे होते.

म्हणून टिळकांच्या दरबाराची पारख करण्यासाठी त्यांच्या घोषणांपेक्षा लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ हे अधिक विश्वसनीय साधन आहे. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर काही वर्षे लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर होत्या. पुन्हा एकत्र आल्यावरही त्या लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. सोवळेओवळे आणि वेगळी चूल सांभाळतच त्या नवऱ्याच्या घरी राहिल्या. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला. म्हणजे बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला यांचे सहजीवन साताऱ्याच्या कितीतरी आधी टिळकांच्या घरात नांदत होते. आणि तेथे कळीचा प्रश्न सिद्धान्ताचा नव्हता, तो पाण्याचा आणि अन्नाचा होता. कोणाच्या हातचे प्यावे, कोणाच्या पंगतीला बसावे, या प्रश्नांशी लक्ष्मीबाई झगडतात आणि जातिभेद हा माणसांचा उद्योग आहे, देवाचा नव्हे, अशा निश्चयाला स्वतःच्या मार्गाने पोचतात. बाप्तिस्मा त्यानंतर येतो. ब्रह्मबांधवांनी ज्या समाजधर्माला हात लावला नाही, त्यालाच या बाईने स्वयंपाकघरात हात घातला. श्रद्धा रूढ चौकटीपलीकडे खोल जाणे म्हणजे काय, याचे ‘स्मृतिचित्रे’त जे चित्र उमटले आहे, त्यात ना मठाचे वैराग्य आहे, ना दरबाराचा थाट, आहे ती विनोदबुद्धी जागी ठेवून केलेली रोजची उलथापालथ.

टिळक १९१९ मध्ये वारले. दरबाराला जेमतेम दोन वर्षे मिळाली. त्यांचे चरित्रकार जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ मध्ये स्थापन केलेल्या ख्रिस्त सेवा संघात त्या प्रेरणेचा काही अंश उतरला. पण टिळकांची खरी वस्ती झाली ती मंडळीतच. मराठी ख्रिस्ती उपासनेच्या गीतसंग्रहात त्यांच्या पदांचा वाटा मोठा आहे आणि ज्यांच्यासाठी नोंदवही मोलाची होती त्यांचे वंशज ती पदे आजही गातात. ज्या कवीला मंडळी अपुरी वाटली, त्याचीच भाषा मंडळीने आपली केली. याला दरबाराचे अपयश म्हणता येत नाही आणि मंडळीचा निर्भेळ विजयही म्हणता येत नाही.

तौलनिक अभ्यासकाला यातून एक व्यवहार्य दिशा मिळते. धर्मांतरित लेखकांचा अभ्यास करताना त्यांनी देशी रूपे किती वापरली, एवढेच मोजून भागणार नाही. त्यांनी श्रद्धेसाठी कोणते घर कल्पिले, त्या घराचे दार कोणासाठी उघडे होते, आणि जुने घर सोडणे कोणाला परवडणारे होते, हे तीन प्रश्न एकत्र विचारावे लागतील. मठ पहिल्याच प्रश्नापाशी थांबतो. सदन दुसऱ्याचे उत्तर कृतीने देते. दरबार दार उघडतो, पण तिसरा प्रश्न स्वतः विचारत नाही. तो विचारण्याची सामग्री मराठीत ‘स्मृतिचित्रे’ने आणि उपासनेला जमणाऱ्या मंडळींच्या न लिहिलेल्या इतिहासाने राखून ठेवली आहे.