जंगल सत्याग्रह आणि ‘निष्क्रिय प्रतिकार’ : एका वर्गीकरणाची चिकित्सा

प्रस्तावना

अन्यायी कायद्याच्या प्रतिकाराचे सक्रिय आणि निष्क्रिय असे दोन प्रकार राज्यशास्त्राच्या वर्गात शिकविले जातात. शस्त्र उचलणारा तो सक्रिय व लाठी झेलणारा तो निष्क्रिय, असा या विभागणीचा ढोबळ अर्थ विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत आढळतो. पुष्कळदा मार्गदर्शक पुस्तकांतूनही तोच डोकावतो. प्रस्तुत लेखात या वर्गीकरणाची चिकित्सा करावयाची आहे. त्यासाठी दूरच्या उदाहरणाकडे जाण्याचे कारण नाही. दिग्रसला लागून असलेल्या पुसद तालुक्यात १० जुलै १९३० रोजी लोकनायक माधव श्रीहरी उपाख्य बापूजी अणे यांनी राखीव जंगलातील गवत कापून जंगल कायदा मोडला व कारावास पत्करला. त्यांच्या हाती विळा होता, परंतु तो कोणावर उगारलेला नव्हता. ढोबळ व्याख्येप्रमाणे ही घटना ‘निष्क्रिय’ ठरते. गवत कापणाऱ्या माणसाला निष्क्रिय म्हणावे लागत असेल, तर व्याख्येत काही बिघाड आहे असे मानणे भाग आहे.

शब्दाचा प्रवास

‘पॅसिव्ह रेझिस्टन्स’ या इंग्रजी संज्ञेचे ‘निष्क्रिय प्रतिकार’ हे भाषांतर शब्दशः बरोबर असले तरी मराठीत ते अन्यायकारक ठरते. ‘निष्क्रिय’ म्हटल्याबरोबर आपल्या मनात आळस येतो. म्हणूनच ‘निःशस्त्र प्रतिकार’ हा शब्द आपल्याकडे अधिक रुळला. तोही शस्त्राच्या अभावावरच बोट ठेवतो. कृती कोणती केली याविषयी मौन बाळगतो. महात्मा गांधींनाही हीच अडचण दक्षिण आफ्रिकेत जाणवली. दुर्बलांचे हत्यार असा जो अर्थ त्या इंग्रजी संज्ञेला चिकटला होता तो त्यांना मान्य नव्हता. ‘इंडियन ओपिनियन’मधून त्यांनी नव्या शब्दासाठी बक्षीस जाहीर केले, मगनलाल गांधींनी ‘सदाग्रह’ सुचविला आणि त्यात बदल करून ‘सत्याग्रह’ हा शब्द सिद्ध झाला, हा इतिहास सर्वश्रुत आहे.

त्याच सुमारास, १९०७ मध्ये, अरविंद घोष यांनी ‘वंदे मातरम्’ या पत्रातील लेखमालेत या दोन प्रकारांतील भेद अधिक काटेकोरपणे मांडला. राज्यकर्त्यांना ज्याची मदत होते ते करण्याचे थांबविणे हा निष्क्रिय मार्ग आणि राज्यकर्त्यांना ज्याने बाधा पोहोचेल ते करणे हा सक्रिय मार्ग, असा त्यांच्या विवेचनाचा गाभा आहे. येथे निकष हिंसेचा नसून करण्या-न करण्याचा आहे. ही मांडणी अभ्यासकाला फार उपयोगी आहे. परंतु अन्यायी कायदा मोडणे प्रसंगी कर्तव्य ठरते, हे सांगताना अरविंदांनी त्या कायदेभंगाचा समावेशही निष्क्रिय प्रतिकारातच केला आणि स्वतःच आखलेली रेषा पुसट केली.

ती रेषा पुन्हा स्पष्ट करावयाची तर कायद्याच्याच स्वरूपाकडे वळले पाहिजे. काही कायदे ‘कर’ म्हणतात, काही ‘करू नको’ म्हणतात. सारा भर, कर दे, नोंदणी कर, असे सांगणाऱ्या कायद्याचा प्रतिकार नुसत्या नकाराने होऊ शकतो. १९२८ मध्ये बारडोलीच्या शेतकऱ्यांनी वाढीव सारा भरला नाही. त्यांनी जे केले नाही तोच त्यांचा प्रतिकार होता. थोरोने अमेरिकेत कर नाकारून १८४६ मध्ये एक रात्र तुरुंगात काढली, तीही न करण्याबद्दल. शिवाय त्याचा खरा रोष गुलामगिरीवर आणि मेक्सिकोवरील युद्धावर होता, त्या करावर नव्हता. उलट ‘करू नको’ म्हणणाऱ्या कायद्यापुढे स्वस्थ बसणे म्हणजे त्याचे पालन करणे होय. तेथे निष्क्रिय प्रतिकाराला जागाच उरत नाही.

गवत कोणाचे?

जंगल कायदा हा या दुसऱ्या जातीचा कायदा आहे. १८७८ च्या कायद्याने आखलेली चौकट १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने कायम केली. त्यातील वनोपजाच्या व्याख्येत गवतही येते. राखीव जंगलात शिरणे, गुरे चारणे, वनोपज नेणे हे कलम २६ ने गुन्हे ठरविले. कलम ६९ तर असे सांगते की, एखादे वनोपज शासनाचे आहे की नाही असा वाद उत्पन्न झाला, तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत ते शासनाचेच मानावे. पिढ्यान्‌पिढ्या जंगलाच्या कडेने राहणाऱ्या माणसावर आपले गवत आपले असल्याचे सिद्ध करण्याचा भार या एका वाक्याने टाकला. कायद्याच्या पुस्तकातील इतके लहान कलम इतक्या माणसांच्या आयुष्यावर पसरलेले क्वचितच सापडेल.

वऱ्हाडात मीठ नाही, म्हणून जंगल कायदा निवडला गेला, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. एप्रिल १९३० मध्ये अकोला जिल्ह्यातील दहीहंडा येथे खारपाण पट्ट्यातील विहिरींच्या पाण्यापासून मीठ तयार करून येथील कार्यकर्त्यांनी मिठाचा कायदाही मोडला होता. परंतु खाऱ्या विहिरीच्या मिठात रोजच्या जीवनाचा प्रश्न नव्हता. तो गवतात होता, चराईत होता, जळणात होता. पुसदचा सत्याग्रह हा दांडीची नक्कल नव्हता. ज्या कायद्याने प्रत्यक्ष पोळले, तोच कायदा मोडण्याची ती निवड होती आणि याबाबतीत ती थोरोपेक्षा अधिक सरळ होती.

ही निवड करणारे बापूजी अणे हे गांधीमार्गी नव्हते, ही बाबही विचारात घेण्यासारखी आहे. ते लोकमान्य टिळकांचे अनुयायी व प्रतियोगी सहकाराचे पुरस्कर्ते होते. कायदेमंडळात बसून सरकारशी झुंजावे हा त्यांचा मूळ पिंड, आणि पेशाने वकील. अशा माणसाने कायदा मोडताना तो लपूनछपून मोडला नाही, हे ओघानेच आले. पूर्वसूचना, जाहीर कृती, अटक, शिक्षा हा सारा क्रम म्हणजे एक प्रकारे न्यायालयाबाहेर चालविलेला युक्तिवादच होता. पुसदपाठोपाठ यवतमाळजवळील लोहारा येथे २१ जुलै १९३० रोजी डॉ. केशव बळिराम हेडगेवार यांनी आपल्या तुकडीसह सत्याग्रह केला व कारावास भोगला. वैचारिकदृष्ट्या परस्परांपासून दूर असलेली माणसे या एका कृतीत आली, याचे कारण कृती स्पष्ट होती.

उघड आणि लपून

येथपर्यंत जंगल सत्याग्रह हा पूर्णार्थाने सक्रिय प्रतिकार होता असे म्हणता येते. मात्र याच ठिकाणी अभ्यासकाने थोडे थांबावे. जुलैचा पहिला पंधरवडा हे आपल्याकडे पेरणीचे दिवस. गवत तेव्हा जेमतेम वर आलेले असते. कापून गंजी लावण्याजोगे ते दसरा-दिवाळीनंतर होते. गुरे बाळगणारा माणूस आषाढात विळा घेऊन जंगलात गवत कापायला जाणार नाही. अर्थात १० जुलैला जे कापले गेले ते गवत नव्हते, कायदा होता. यात उपहास नाही. प्रतीकाचे सामर्थ्य मोठेच असते. परंतु त्या प्रतीकामागे वर्षभर चाललेला दुसरा कायदेभंग झाकला गेला, तो असा.

गोंड, कोलाम, आंध, तांड्यावरचे बंजारा आणि गावोगावचे लहान शेतकरी हे राखीव जंगलात गुरे घालतच होते, गवत आणि सरपण आणतच होते. नाकेदाराने पकडले तर गुरे कोंडवाड्यात जात. गुन्हा मिटविण्याची सोयही कायद्यातच आहे. कलम ६८ प्रमाणे वन अधिकारी भरपाई घेऊन प्रकरण आपसात निकाली काढू शकतो. म्हणजे या माणसाचे म्हणणे न्यायालयापर्यंत पोहोचतच नाही. त्याने दंड भरला, गुरे सोडविली आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच जंगलात घातली. जेम्स स्कॉट यांनी १९८५ मधील ग्रंथात दुर्बलांची शस्त्रे म्हणून ज्या दैनंदिन, अबोल प्रतिकाराचे वर्णन केले, तो हाच. तो सक्रिय आहे, कारण निषिद्ध तेच तो करतो. परंतु तो उघड नाही, म्हणून त्याला आपण प्रतिकार न म्हणता चोरी म्हणतो.

माझ्या मते वर्गीकरणाची खरी रेषा येथे आहे. सक्रिय-निष्क्रिय या भेदापेक्षा उघड-अनुघड हा भेद जंगल कायद्याच्या संदर्भात अधिक निर्णायक आहे, आणि तो भेद धैर्याचा नसून ऐपतीचा आहे. सहा महिने तुरुंगात गेल्यावर घरची चूल पेटती राहील, ही खात्री ज्याला आहे त्यालाच उघड कायदेभंग परवडतो. ज्याला ती नाही त्याने उघडपणा दाखविला की काय होते, हे चिरनेरने दाखविले. रायगड जिल्ह्यातील या गावी २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहींच्या जमावावर गोळीबार झाला. त्यात सत्याग्रही मृत्युमुखी पडले आणि मामलेदार जोशी यांचाही अंत झाला.

फलिताच्या दृष्टीने पाहता हा भेद आणखी बोचतो. ५ मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात समुद्रकाठच्या गावांना स्वतःपुरते मीठ गोळा करण्याची व तयार करण्याची सवलत मिळाली. जंगल कायद्याविषयी त्या करारात सवलत नाही. पुढे जुलै १९३३ मध्ये काँग्रेसचे प्रभारी अध्यक्ष या नात्याने सामुदायिक कायदेभंग स्थगित केल्याचे जाहीर करण्याचे काम अणे यांच्याकडेच आले. आंदोलन कधी सुरू करावे व कधी आवरावे, हे उघड प्रतिकार करणारा ठरवू शकतो. ज्याची गुरे कोंडवाड्यात आहेत त्याला असा स्थगितीचा दिवस नसतो.

आजचे दोन संदर्भ

स्वातंत्र्यानंतर या चर्चेला अर्थ उरला आहे काय, असा आक्षेप संभवतो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, सनदशीर मार्ग खुले झाल्यावर कायदेभंग, असहकार आणि सत्याग्रह यांचा त्याग करावा, असे निःसंदिग्धपणे बजावले होते. १९२७ मध्ये महाडला ज्यांनी चवदार तळ्याच्या प्रश्नावर सत्याग्रह उभारला आणि त्याच वर्षी डिसेंबरात न्यायालयाचा मनाई हुकूम आल्यावर तो तहकूबही केला, त्यांच्या या इशाऱ्याला वजन आहे. मात्र सनदशीर मार्ग कागदावर खुला असणे व तो चालता येण्याजोगा असणे यांत अंतर राहते.

पहिला संदर्भ कापसाचा. १० जून २०१९ रोजी अकोट तालुक्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने मान्यता नसलेल्या, तणनाशक सहन करणाऱ्या एचटीबीटी कापसाची जाहीर पेरणी करून सविनय कायदेभंग केला. त्या वाणाच्या गुणदोषांत येथे जावयाचे नाही. प्रस्तुत लेखकाला तणनाशकाविषयी शंका आहेत. लक्षणीय आहे ते एवढेच की, तोच वाण कापूसपट्ट्यातील शेतकरी आधीपासून गुपचूप पेरीत होते आणि बाजारात त्याला नाव होते ‘चोर बीटी’. नव्वद वर्षांनंतरही उघड्यावर पेरले की सत्याग्रह, लपून पेरले की चोरी, ही विभागणी कायम होती.

दुसरा संदर्भ अधिक गंभीर आहे. २००६ च्या वन हक्क कायद्याने आपल्या प्रास्ताविकातच ऐतिहासिक अन्यायाची कबुली दिली. या कायद्यान्वये अनुसूचित जमातींखेरीज अन्य पारंपरिक वननिवासींना हक्क मागावयाचा असल्यास १३ डिसेंबर २००५ पूर्वी किमान तीन पिढ्या, म्हणजे कायद्याच्याच व्याख्येप्रमाणे पंचाहत्तर वर्षे, त्यांचे तेथे वास्तव्य असले पाहिजे. ही वजाबाकी केली की वर्ष येते १९३०. महाराष्ट्रात बंजारा समाज अनुसूचित जमातींत नाही. तो विमुक्त जातींत मोडतो. म्हणजे पुसद-दिग्रस भागातील तांड्यावरच्या अर्जदाराला, ज्या वर्षी बापूजी अणे यांनी गवत कापले त्याच वर्षी आपला पणजोबा त्या जंगलाच्या आधाराने राहत होता, हे दाखवावे लागते. त्या वर्षाची आपण जतन केलेली नावे बहुतांशी सत्याग्रहींची आहेत. पणजोबाचे नाव असलेच तर ते नाकेदाराच्या गुन्हेनोंदीत किंवा कोंडवाड्याच्या पावतीवर असणार. २००८ च्या नियमांत पुरावा म्हणून वनविभागाचे अभिलेख आणि वडीलधाऱ्यांचे लेखी जबाबही ग्राह्य धरले आहेत. तेव्हा आपल्या महाविद्यालयांतील इतिहास व राज्यशास्त्र विभागांनी प्रकल्पकार्यासाठी सत्याग्रहींच्या यादीबरोबरच या दंडाच्या नोंदी शोधावयास हव्यात, आणि तांड्यांवरील वृद्धांच्या आठवणी त्यांच्या हयातीतच लिहून घ्यावयास हव्यात.