अनुज्ञेय खर्च आणि बेघर माणूस

शासकीय योजनेची समीक्षा बहुधा दोन अंगांनी केली जाते : योजनेचा हेतू कोणता होता, आणि तिच्यावर किती द्रव्य खर्च झाले. ह्या दोहोंच्या मध्ये एक तिसरा भाग असतो, त्याकडे अभ्यासकांचे लक्ष सहसा जात नाही. अनुदानातून कोणता खर्च करता येईल आणि कोणता येणार नाही, हे सांगणारी नियमावली हा तो भाग होय. तिची भाषा रुक्ष असते. कलमे, टक्केवारी आणि मर्यादा ह्यांनी ती भरलेली असते. तथापि, योजना ज्या माणसासाठी आखली त्या माणसाविषयी शासनाची खरी समजूत काय आहे, हे प्रस्तावनेतील उदात्त वाक्यांपेक्षा ह्या कलमांतूनच अधिक स्पष्टपणे कळते. बेघरांच्या साहाय्यासाठी भारतात आणि अमेरिकेत झालेल्या दोन नियमावल्या ह्या दृष्टीने वाचण्याजोग्या आहेत.

भारतात २०१३ साली केंद्र शासनाने राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान सुरू केले आणि ‘शहरी बेघरांसाठी निवारा’ हा त्याचा एक घटक ठरवला. अन्नाच्या अधिकाराविषयीच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने निवाऱ्यांसंबंधी दिलेल्या आदेशांची पार्श्वभूमी त्यास होती. अभियानाच्या मार्गदर्शक तत्त्वांनी नगराच्या दर एक लक्ष लोकसंख्येमागे किमान १०० व्यक्तींची सोय करावी असे प्रमाण घालून दिले. एका निवाऱ्यात ५० ते १०० व्यक्ती असाव्यात, प्रत्येकीस सुमारे ५० चौरस फूट जागा मिळावी, निवारा रात्रंदिवस व बारमाही उघडा असावा, अशी अपेक्षा त्यांत होती. उत्तर भारतात हिवाळ्यापुरते तंबू ठोकून उन्हाळ्यात ते गुंडाळण्याची जी प्रथा होती, तिच्या तुलनेत हे पाऊल निःसंशय पुढचे होते. स्त्रिया, कुटुंबे, वृद्ध, मनोरुग्ण व आजारातून उठलेली माणसे ह्यांच्या निराळ्या गरजांची दखल तत्त्वांनी घेतली, हेही त्यांच्या श्रेयात नोंदले पाहिजे.

दोष आढळतो तो मोजमापात. निवाऱ्यांची संख्या नगरातील बेघरांच्या संख्येवरून ठरली नाही; ती नगराच्या एकूण लोकसंख्येवरून ठरली. २०११ च्या जनगणनेत देशाची नागरी लोकसंख्या सुमारे ३७ कोटी ७१ लक्ष होती. हे प्रमाण सर्व नागरी लोकसंख्येला लावले, तरी सुमारे ३ लक्ष ७७ हजार व्यक्तींची सोय होते. त्याच जनगणनेने नागरी भागात सुमारे ९ लक्ष ३८ हजार बेघर व्यक्ती मोजल्या होत्या. म्हणजे प्रमाण अक्षरशः पाळले गेले असते, एकही इमारत अपूर्ण राहिली नसती, तरीही दर पाच बेघरांपैकी तिघे उघड्यावरच राहिले असते. बेघरांची ही मोजणीही एका रात्रीत झालेली, आणि रस्त्याकडेला, पुलाखाली, फलाटावर झोपणारा माणूस त्या रात्री गणकाच्या दृष्टीस पडेलच असे नाही. मूळ पाठात ‘किमान’ हा शब्द आहे, हे खरे. परंतु अंदाजपत्रकाच्या व्यवहारात ‘किमान’ ह्या शब्दाचा अर्थ थोड्याच दिवसांत ‘पुरेसे’ असा होऊन बसतो.

दुसरा प्रश्न आवर्ती खर्चाचा. पन्नास व्यक्तींच्या निवाऱ्याच्या संचालनासाठी वर्षाला ६ लक्ष रुपये आणि तेही पाच वर्षांपर्यंत, असा दंडक तत्त्वांत होता. भागाकार केला तर माणशी दिवसाला सुमारे ३३ रुपये येतात. व्यवस्थापक व पाळीपाळीने काम करणारे काळजीवाहक ह्यांचे वेतन, वीज, पाणी, पांघरुणांची धुलाई आणि किरकोळ दुरुस्ती ह्या रकमेत बसवावयाची होती. बांधकाम हा एकदाच होणारा आणि उद्घाटनयोग्य खर्च असतो. धुलाई हा रोज होणारा आणि कोणाच्याही नजरेत न भरणारा खर्च असतो. पाच वर्षांनंतर हा दुसरा भार आपल्यावर येणार, हे ज्या नगरपालिकेला ठाऊक आहे तिने पहिल्या खर्चाविषयीही उत्साह दाखवू नये, हे स्वाभाविक होय. निधी उपलब्ध असूनही निवारे उभे राहत नाहीत, ही तक्रार सर्वोच्च न्यायालयापुढे गेली आणि २०१६ साली न्यायालयाला माजी न्यायमूर्ती कैलाश गंभीर ह्यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी-समिती नेमावी लागली. अखर्चित राहिलेल्या निधीचे खापर प्रशासनाच्या आळसावर फोडणे सोपे आहे, आणि ते सर्वस्वी अन्यायाचेही नाही. परंतु नियमांच्या रचनेतच ह्या अनुत्साहाचे बीज होते काय, हेही विचारावयास हवे.

तिसरा प्रश्न जागेचा. निवारा बेघरांच्या वस्तीजवळ, रेल्वेस्थानक, बसस्थानक वा बाजारपेठ ह्यांच्या निकट असावा, असे तत्त्वांनी सांगितले. ह्यामागील जाण मोलाची आहे. ओल्गा टेलिस प्रकरणी १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या पदपथवासीयांविषयी हेच मान्य केले होते की, माणूस पदपथावर राहतो तो तेथून काम जवळ पडते म्हणून, आणि त्याला तेथून उठवणे म्हणजे त्याची उपजीविका हिरावणे होय. (त्या निकालाने पदपथावर राहण्याचा हक्क मात्र दिला नाही, हेही विसरता येत नाही.) परंतु जमीन उपलब्ध करून देण्याची जबाबदारी राज्य व नगरसंस्था ह्यांच्यावर सोपवली गेली. स्थानक आणि बाजार ह्यांच्या शेजारची जमीन ही नगरातील सर्वांत महाग जमीन असते. नियमाने स्थळ सांगितले आणि त्या स्थळाचे मोल अनुदानाबाहेर ठेवले. अशा स्थितीत निवारा जेथे माणसे आहेत तेथे न होता, जेथे जमीन सापडते तेथे होण्याचा संभव वाढतो.

ह्या तिन्ही दोषांच्या मुळाशी एकच समजूत दिसते : घर नसणे म्हणजे रात्री डोक्यावर छप्पर नसणे. छप्पर दिले की खर्चाचे प्रयोजन संपते. निवाऱ्यातून बाहेर पडून भाड्याच्या खोलीत जाऊ पाहणाऱ्या कुटुंबाला मालकापुढे ठेवावी लागणारी अनामत रक्कम अनुज्ञेय खर्चाच्या यादीत नव्हती. निवाऱ्यात शिरण्याचा मार्ग लेखाशीर्षात होता. निवाऱ्यातून बाहेर जाण्याचा मार्ग नव्हता.

अमेरिकेतील नियमावली येथे तुलनेसाठी उपयुक्त ठरते, कारण तिने हीच वाट काही दशके आधी तुडवली. १९८७ च्या मॅकिनी अधिनियमाखालील अनुदानाच्या नावातच ‘आपत्कालीन निवारा’ हे शब्द होते. २००९ च्या सुधारणेने त्या नावातील ‘निवारा’ जाऊन ‘उपाय’ हा शब्द आला. हा बदल नावापुरता राहिला नाही. त्यानुसार २०११ साली प्रसिद्ध झालेल्या नियमांनी रस्त्यावर जाऊन मदत देणे आणि निवारे चालवणे ह्या दोन बाबींवरील खर्चाला सामान्यतः अनुदानाच्या ६० टक्क्यांची मर्यादा घातली, प्रशासकीय खर्च साडेसात टक्क्यांवर रोखला, आणि घर जाण्याच्या बेतात असलेल्यांना सावरणे व घर गमावलेल्यांना त्वरेने भाड्याचे घर मिळवून देणे ह्या बाबी अनुज्ञेय केल्या. तीन वर्षांच्या अवधीत २४ महिन्यांपर्यंतचे भाडे, सहा महिन्यांपर्यंतची भाड्याची थकबाकी, दोन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत, सामान हलवण्याचा खर्च, हे सारे यादीत आले. बेघर माणूस म्हणजे ज्याचे भाडेकरूपण खंडित झाले आहे असा नागरिक, ही समजूत ह्या यादीतून प्रकट होते.

तथापि तीही निर्दोष नाही. भाड्याचे साहाय्य द्यावयाचे तर ते भाडे शासनाने त्या भागासाठी ठरवलेल्या वाजवी भाड्याहून अधिक असू नये, असे बंधन आहे. जेथे त्या भाड्यात घरच मिळत नाही तेथे अनुज्ञेय खर्च कागदावरच राहतो. शिवाय, नातलगांच्या घरी दाटीवाटीने राहणारे कुटुंब शिक्षणविषयक तरतुदींच्या दृष्टीने बेघर ठरते, पण गृहनिर्माण खात्याच्या व्याख्येत केवळ तेवढ्यावरून ते बेघर ठरत नाही. एकाच देशात, एकाच अधिनियमाच्या छायेखाली, तेच मूल शाळेत बेघर आणि भाडे-साहाय्याच्या अर्जात घर असलेले, असा प्रकार घडतो.

ह्यावर असा आक्षेप घेतला जाईल की, सार्वजनिक द्रव्याला शिस्त हवी. यादी सैल केली की पैसा भलतीकडे जातो. आक्षेप रास्त आहे. पण शिस्त दोन प्रकारची असू शकते. पैसा कोणत्या वस्तूवर गेला हे पाहणारी एक, आणि त्या पैशाने किती माणसे उघड्यावरून उठून पुन्हा उघड्यावर आली नाहीत हे पाहणारी दुसरी. पहिल्या शिस्तीत कुलूपबंद इमारतही हिशेबाला बरोबर ठरते. दुसरीत ती ठरत नाही.

मराठीत ‘बेघर’ आणि ‘निराश्रित’ हे शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने वापरले जातात. त्यांतील भेद मात्र ह्या विषयाचे मर्म आहे. आश्रय रात्रीपुरता देता येतो. घरात माणूस आपली भांडी, कागदपत्रे आणि आजारपण ठेवू शकतो. भारतीय तत्त्वांनी निराश्रिताला ओळखले आणि त्याच्यासाठी खर्च अनुज्ञेय केला. बेघराला ओळखणारे लेखाशीर्ष त्यांत उघडले गेले नाही. अशा प्रकारच्या पुढील कोणत्याही योजनेची परीक्षा करताना अभ्यासकाने प्रथम तिच्या खर्चाची यादी उघडावी, आणि तीत खोलीच्या अनामतीला जागा आहे की नाही ते पाहावे.