चित्र दिसतंय, तू काय सांगतोस?

कवितासंग्रहावर आपण दहा पानं लिहितो. आणि पाच दिवस घराघरात बोलणाऱ्या कॉमेंटेटरवर एक ओळ नाही. का, तर म्हणे ती करमणूक. मला हे पटत नाही. जो लाखो माणसांच्या कानात बोलतो त्याची शैली तपासलीच पाहिजे. कुठं बोलायचं, कुठं गप्प बसायचं आणि कुणाच्या बाजूनं, याला मी शैली म्हणतो. आवाज गोड की जाड, ते नंतर.

रेडिओवाल्याला मैदान शब्दांनी उभं करावं लागतं. टीव्हीवर चौकार मला दिसतो. मग 'चौकार' म्हणून ओरडून तू मला काय दिलंस? ही गोष्ट पुरती उमगली होती रिची बेनॉला. ऑस्ट्रेलियाचा माजी कॅप्टन. १९५६ च्या इंग्लंड दौऱ्यानंतर मागं थांबून बीबीसीत टीव्हीचं काम शिकला. पडद्यावर दिसतं त्यात भर घालता येत असेल तरच तोंड उघडायचं, हा त्याचा नियम. सूतगिरणीत आठ तास स्पिंडलांचा गोंगाट डोक्यात घेऊन घरी येणाऱ्या माझ्यासारख्याला त्या शांततेची किंमत बरोबर कळते.

पण गप्प बसणं सोयीचंही असतं. बेनॉची परीक्षा झाली १ फेब्रुवारी १९८१ ला, मेलबर्नला. शेवटच्या चेंडूवर बरोबरीसाठी न्यूझीलंडला सिक्सर पाहिजे होता. कॅप्टन ग्रेग चॅपेलनं धाकट्या भावाला, ट्रेव्हरला, चेंडू जमिनीवरून घरंगळत टाकायला लावला. नियमात बसत होतं. ऑस्ट्रेलिया जिंकली. आणि बेनॉनं ऑस्ट्रेलियाच्याच चॅनेलवर, आवाज न चढवता सांगितलं की हे लाजिरवाणं आहे, मैदानावर पाहिलेल्या सगळ्यात वाईट गोष्टींपैकी एक आहे. नियमात बसतं आणि तरी नीच असतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण आपल्याच कॅप्टनबद्दल आपल्याच माइकवर ते बोलायला छाती लागते.

आता आपल्याकडं या. २००८ ते २०१२ आयपीएलला डीएलएफ या बांधकाम कंपनीचं नाव होतं. सिक्सर गेला की कॉमेंटेटर ओरडायचे, 'डीएलएफ मॅक्झिमम!' फटका खेळाडूचा, घाम खेळाडूचा, नाव बिल्डरचं. मोठमोठे माजी खेळाडू हे बिनतक्रार बोलत होते. माल कुणी काढला आणि छाप कुणाची बसली, हे गिरणीतल्या माणसाला लगेच दिसतं.

दुसरा सवाल अधिकाराचा. नोव्हेंबर २०१९, ईडन गार्डन्स, बांगलादेशबरोबरची कसोटी. गुलाबी चेंडू नीट दिसतो का ते खेळाडूंना विचारायला हवं, असं हर्षा भोगले म्हणाला. संजय मांजरेकरनं त्याला ऐकवलं की तुला विचारावं लागेल, आम्ही क्रिकेट खेळलोय, आम्हाला कळतं. पुढं मांजरेकरनं आपलं चुकलं असं कबूलही केलं. पण दोस्तहो, इथं आपल्याला थांबावं लागतं. ज्यानं भोगलं त्यानंच लिहावं, असं आपणही म्हणतो. मग मांजरेकर वेगळं काय म्हणाला? फरक मला असा दिसतो. ज्याला कधी बोलूच दिलं नाही, त्याच्यासाठी दार उघडायला आपण अनुभव पुढं करतो. इथं माइक हातात असलेला माणूस अनुभव पुढं करून दार लावत होता. उद्या आपल्यातलाही कुणी असंच दार लावायला लागला, तर त्यालाही हेच ऐकवायचं.

अनुभवाचं काय करायचं ते मायकल होल्डिंगनं दाखवलं. जमैकाचा फास्ट बोलर, ६० कसोटींत २४९ बळी. कॉमेंट्री करताना आवाज खोल, संथ, आपल्या बेटाचा हेल न लपवणारा. ८ जुलै २०२०, साउदम्प्टन. पावसामुळं खेळ सुरू होईना. दाखवायला चित्रच नव्हतं. तेव्हा तो वर्णद्वेषावर बोलला. शाळेत एडिसनचा बल्ब शिकवतात, पण बल्बच्या कार्बनच्या तारेवर काम करणारा काळा लुईस लॅटिमर कुणी शिकवत नाही, म्हणाला. दुसऱ्या दिवशी आईबापाबद्दल बोलताना त्याला रडू आवरेना. नवरा फार काळा, म्हणून आईच्या घरच्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. उतरंड तिथंही आहे. जे पडद्यावर दिसत नाही ते सांगायचं, या बेनॉच्या नियमाचा यापेक्षा मोठा अर्थ मला तरी माहीत नाही.

आता कॉमेंट्री मराठीतही होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेणाऱ्या बाळू पालवणकरला पुण्यात पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात चहा मिळायचा. हे मला त्या माइकवरून ऐकायचंय. वेळ नाही म्हणू नका. पाऊस आपल्याकडंही पडतो.