क्रॅबचे नोंदवहीकाव्य आणि पूर्वजांचा शोध

इंग्लंडातील एखाद्या पॅरिशमध्ये पूर्वजांचा माग काढणाऱ्यास प्रथम गाठावी लागते ती बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंदवही. १५३८ साली टॉमस क्रॉमवेलच्या आज्ञेने या नोंदी सुरू झाल्या. पेटीला दोन कुलुपे असावीत, एक किल्ली धर्मगुरूंकडे व दुसरी चर्चवॉर्डनांकडे राहावी, असेही त्या आज्ञेत होते. १८३७ साली सरकारी नोंदणी सुरू होईपर्यंत गरिबाचे नाव कागदावर उतरण्याचा हाच मुख्य मार्ग होता.

जॉर्ज क्रॅब हा स्वतः अँग्लिकन धर्मगुरू. त्याचे ‘द पॅरिश रजिस्टर’ हे काव्य १८०७ साली प्रसिद्ध झाले. एक धर्मगुरू वर्षभराची वही चाळतो आणि एकेका नावापाशी थांबतो, एवढीच त्याची मांडणी. भागही वहीप्रमाणेच तीन. वंशावळ शोधणाऱ्यांनी ते अवश्य वाचावे असे मी म्हणतो, ते काव्यगुणांसाठी नव्हे. त्यातील यमकांची चाल पुष्कळदा कंटाळा आणते.

पहिल्या भागातील लूसीचेच पाहा. ही गिरणीवाल्याची मुलगी. विवाहाविना तिला मूल होते, बाप तिला टाकतो. बाप्तिस्मा होतो तो एका लहानशा खोलीत, मावळतीच्या उजेडात, आणि गावातले कोणीही फिरकत नाही. प्रत्यक्ष वहीत यातले काय उतरले असते? आईचे नाव, बाळाचे नाव आणि कलंकाचा एक शब्द. दोनशे वर्षांनी येणाऱ्या वंशजाच्या हाती तेवढेच लागते. रिचर्ड मंडेची तर त्याहून विलक्षण गोष्ट. सोमवारी सापडलेल्या या बेवारस मुलाला गावच्या पंचांनी वाराचेच आडनाव दिले. संशोधकाची वाट तेथे खुंटते.

क्रॅबचा दोष असा की त्याचा धर्मगुरू वारंवार न्यायासनावर चढून बसतो. लूसीबाबत त्याला कळवळा येतो खरा, पण इतरत्र तो माणसांची योग्यता ठरवीत सुटतो. १८१३ पासून छापील रकाने आले आणि हाताने शेरे मारण्यास जागा कमी उरली. मला ती सुधारणाच वाटते.

गेल्या पावसाळ्यात आजीचा बाप्तिस्मा शोधीत एक गृहस्थ आमच्याकडे आले. वडिलांचा रकाना कोरा होता, आणि समासात माझ्या एका पूर्वसुरींनी एक शब्द लिहून ठेवला होता. मी उतारा दिला. तो शब्द गाळला. तसे करण्याचा अधिकार मला होता काय, हे क्रॅब पुन्हा वाचूनही उलगडलेले नाही.