कलर आउट ऑफ स्पेस, द

अमेरिकन कथाकार हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्ट (१८९०–१९३७) याची कथा (१९२७). विज्ञानकथा व भयकथा यांचा इतका एकजीव मेळ त्याला इतरत्र क्वचितच साधला. एका शेतात उल्का कोसळते. प्राध्यापक तिचा तुकडा तापवितात, आम्लात बुडवितात, वर्णपटदर्शकातून न्याहाळतात. आढळतो तो ज्ञात वर्णपटाबाहेरचा रंग. पुढे पिके, गुरे व अखेर माणसेही करडी, ठिसूळ होत जातात. येथे भूत नाही, झपाटलेपण मात्र आहे. प्रयोगशाळेची चोख पद्धतीच निरुत्तर होते, हे त्या भयाचे मूळ होय. ‘ॲट द मौंटन्स ऑफ मॅडनेस’ (१९३६) या दीर्घकथेत परग्रहवासीयांचा सविस्तर इतिहास आल्याने भय ओसरते. प्रस्तुत कथेत तो मोह टाळला आहे. त्या उजाड भूमीवर जलाशय होणार असून त्याचे पाणी आपण कधीही पिणार नाही, असे निवेदक सांगतो.