एदुनिया : फुलाच्या शिरेतला माणूस

दिवाळी सरली की आपल्याकडच्या रोपवाटिकांत पेटुनियाच्या कुंड्या मांडल्या जातात. थंडीभर फुलायचे आणि उन्हे तापली की संपायचे, असे हे बिनभावाचे फूल. एदुआर्दो कॅट्स या कलावंताने स्वतःचा अंश ठेवायला नेमके हेच निवडले. २००३ ते २००८ या काळात सिद्ध झालेल्या त्याच्या कलाकृतीचे नाव 'नॅचरल हिस्टरी ऑफ द एनिग्मा', आणि तिच्या केंद्रस्थानी असलेल्या झाडाचे नाव 'एदुनिया'. एप्रिल २००९ मध्ये मिनीआपोलिसच्या वाइझमन कलासंग्रहालयात ती मांडली गेली. त्याच वर्षी तिला आर्स इलेक्ट्रॉनिकाचा 'गोल्डन निका' हा पुरस्कारही मिळाला.

कृती अशी. कॅट्सच्या रक्तातून प्रतिपिंड घडवणाऱ्या जनुकाचा एक तुकडा वेगळा काढला गेला. मिनेसोटा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ नील ओल्शेव्स्की यांच्या साहाय्याने तो पेटुनियात बसवला गेला. तो फक्त शिरांमध्येच कामाला लागावा म्हणून एका विषाणूतून घेतलेला डीएनएचा तुकडा त्याच्यापुढे कळीसारखा जोडला. हा विषाणू कॉमेलिनाला पिवळे चट्टे पाडणारा, आणि आपल्या शेतकऱ्यांना पिडणारे केना हे तण कॉमेलिनाच्याच गोतातले. फिकट गुलाबी पाकळ्या आणि त्यांत लाल शिरांचे जाळे, असे हे फूल पाहताच माणसाचे रक्त झाडात वाहते आहे असे वाटावे, ही त्यामागची योजना.

इथेच माझी पहिली हरकत आहे. रक्ताचा लाल रंग हिमोग्लोबिनचा. प्रतिपिंडाला रंग नसतो. पाकळीच्या शिरांतला लाल रंग झाडाच्या स्वतःच्या रंगद्रव्याचा. म्हणजे कॅट्सचे जनुक काढून घेतले तरी फूल डोळ्यांना तसेच दिसेल. पाहणारा जे 'पाहतो' ते त्याला शेजारच्या मजकुराने सांगितलेले असते. ही फसवणूक आहे असे मी म्हणणार नाही. पण कलाकृतीचा निम्मा भार फुलावर नसून फलकावर आहे, हे मान्य करायला हवे. अर्थात देवघरातल्या तांदळ्यालाही आपण सांगितल्यामुळेच देव मानतो.

जनुकाची निवड मात्र फार मार्मिक आहे. प्रतिपिंड हा शरीराचा पहारेकरी. परका कोण ते तो ओळखतो. आपले आणि परके यांत भेद करणारी वस्तूच कॅट्सने परक्याच्या अंगात नेऊन ठेवली. आणखी एक गोष्ट इथे महत्त्वाची वाटते. प्रतिपिंडांची जनुके आईबापांकडून तयार मिळत नाहीत. रक्तातल्या विशिष्ट पेशींमध्ये त्यांचे तुकडे नव्याने जुळतात. 'हे माझे' असे म्हणायला माणसाच्या जनुकसंचयात याहून चांगली जागा क्वचितच सापडेल. तरीही ती एकटी, झाडाच्या शिरेत, काहीच ओळखू शकत नाही. पहारेकऱ्याभोवतीची सगळी चौकीच तिथे नाही.

पाकळीचा गुलाबी रंग आपल्या गोऱ्या कातडीची आठवण देतो, असे कॅट्स सांगतो. एका जनुकाने माणूस आणि वनस्पती यांची भिंत पाडायला निघालेली कलाकृती 'मी कोण' याचे उत्तर शेवटी कातडीच्या रंगात शोधते, हे मला खटकते. काळ्या, सावळ्या माणसाने कोणते फूल निवडायचे? त्यापेक्षा खरा दुवा हाताशी होता. बागेतला पेटुनिया म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या रानटी जातींचा एकोणिसाव्या शतकात युरोपात झालेला संकर. कॅट्सचा जन्म १९६२ चा, रिओ द जानेरोतला, राहतो शिकागोत. घर सोडून परक्या मातीत रुजलेले दोघेही.

बियांचा प्रश्न उरतोच. कॅट्सने एदुनियाच्या बियांची मर्यादित संख्येची पाकिटे काढली. संग्राहकाच्या कपाटात ती शोभतात. पण बी हे रुजण्यासाठी असते. २०१७ साली फिनलंडमध्ये नारिंगी पेटुनिया आढळले आणि त्यांत मक्याचे जनुक निघाले. ते १९८० च्या दशकात जर्मनीत झालेल्या प्रयोगातले असावे, असे मानले जाते. परवानगी नसलेली ती झाडे मग युरोप-अमेरिकेत दुकानांतून उपटून नष्ट करावी लागली. ती कोणी कलाकृती म्हणून लावलेली नव्हती, आणि त्यांच्यात कोणाचे रक्तही नव्हते.